ट्रॅक्टर घरी आल्यावर

बेळगाव शहरात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींचे दुकान घातले. त्याच धडपडीतून पुढे कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि लोखंडी नांगर निघाला. नांगर निघाला खरा, परंतु त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत होती. आणि ज्या काळ्या आईवर सारे घरदार पोसावयाचे, तिच्या पोटात विष कालविण्यास कोण धजणार? पहिले नांगर तसेच पडून राहिले. १९१० साली कारखाना कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर गेला, किर्लोस्करवाडी वसली, आणि मग हळूहळू हा नांगर दक्षिण महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या शिवारांतून दिसू लागला.

ती समजूत चुकीची होती हे काळाने दाखवून दिले. लोखंडाने जमीन नासली नाही. उलट नांगरट खोल होऊ लागली, हरळी आणि कुंदा यांसारखी चिवट तणे मुळासकट वर येऊ लागली. तथापि त्या भीतीत एक गोष्ट मोलाची होती. नवे औत शिवारात उतरविण्यापूर्वी तो शेतकरी थबकत होता, चार जणांना विचारीत होता. आज ट्रॅक्टरच्या बाबतीत नेमके उलटे पाहावयास मिळते. यंत्र दारात येते, हिंदू घरी नारळ फुटतो, ख्रिस्ती घरी फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात, पेढे वाटले जातात; आणि हे यंत्र उद्या सकाळपासून आपल्या घराचा दिवस कसा बदलणार आहे, याचा विचार मात्र पहिला हप्ता येईपर्यंत कोणी करीत नाही.

भारतात ट्रॅक्टर बनू लागला तो १९५९ साली, फरिदाबादेत. त्यापूर्वी जे काही थोडे ट्रॅक्टर इकडे होते ते परदेशांतून आलेले. आज देशात वर्षाला आठ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले जातात. दुसऱ्या बाजूस बैल ओसरत चालला आहे. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गोवंशातल्या नरांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली. गाई मात्र अठरा टक्क्यांनी वाढल्या. या दोन आकड्यांत घरोघरची कहाणी सामावलेली आहे. दावणीचा बैल गेला, त्याच्या जागी दुधाची गाय आली, आणि गोठ्याशेजारच्या छपरात ट्रॅक्टर उभा राहिला.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील एखादे बेताचे शेतकरी घर डोळ्यांसमोर आणावे. चार-पाच एकर जमीन. त्यात बरीचशी भाताची, थोडी माळाची तांबडी, जिच्यात रताळी आणि बटाटे निघतात. भात निघाल्यावर ओलीवर मसूर किंवा हरभरा. परड्यात चार भाज्या. दोन गाई, एक म्हैस. अशा घरी ट्रॅक्टरचे वर्षाचे काम किती? पाच एकरांची नांगरट बारा-तेरा तासांत होते. फणाच्या दोन पाळ्यांना दहा तास, रोटर फिरविण्यास सात-आठ तास. चिखलणी, खताची व धान्याची वाहतूक, मळणी हे सारे धरले तरी स्वतःच्या शेताचे काम साठ-सत्तर तासांच्या पलीकडे सहसा जात नाही. ज्या नांगरटीला बैलजोडी आठ-पंधरा दिवस घेत असे ती दीड दिवसात संपते, ही गोष्ट लहान नव्हे. पाऊस तोंडावर आला असता, धूळवाफेच्या पेरणीची घाई असता, या दीड दिवसाचे मोल सोन्याचे असते. पण वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. त्यांतले साठ-सत्तर यंत्राने उचलले. उरलेले कोणाच्या अंगावर आहेत, हा खरा प्रश्न आहे.

बैल काम नसताना वैरण खातो, म्हणून तो परवडत नाही, असे ऐकू येते. ते खरेच आहे. परंतु कर्जाचा ट्रॅक्टर काम नसताना व्याज खातो, आणि व्याजाची वैरण परड्यात उगवत नाही. वर्षाकाठी सुमारे हजार तास काम असेल तर ट्रॅक्टर अंगावर येत नाही, असा बँकांच्या व्यवहारातला एक जुना ठोकताळा आहे. स्वतःचे साठ-सत्तर तास वजा जाता बाकीचे नऊशेहून अधिक तास लोकांच्या शेतात भाड्याने जावयाचे. म्हणजे घरच्या कर्त्या माणसाने शेतकरीपण बाजूस ठेवून निम्मे वर्ष गाडीवान व्हावयाचे! देशातील सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.०८ हेक्टर, म्हणजे पुरते पावणेतीन एकरही नव्हते. एवढ्याशा जमिनीच्या जोरावर स्वतंत्र ट्रॅक्टर घेणे, आणि शेजाऱ्याने घेतला म्हणून घेणे, याला शेती म्हणावयाचे की हौस, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोघा-तिघा भावांनी किंवा वाटेकऱ्यांनी मिळून एक घेणे, अथवा भाड्याने आणून काम उरकणे, यात कमीपणा काहीच नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी वेळेवर लागत नाही ही अडचण मात्र खरी आहे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर साऱ्या गावाला तो एकाच सकाळी हवा असतो.

आता त्या उरलेल्या तासांकडे वळू. पहाटे पाचच्या आगेमागे घरातील बाई उठते. गोठ्यातले शेण बुट्टीत भरून उकिरड्यावर टाकावयाचे, गोठा धुवावयाचा, धारा काढावयाच्या, डेअरीची वेळ गाठावयाची. मग पाणी, चूल, पोरांच्या शाळेची गडबड. दुपारी वैरण, पुन्हा पाणी, भांगलण. संध्याकाळी पुन्हा धारा. आषाढात रोप लागवड असते तेव्हा हे सर्व आटोपून पावसात, गुडघाभर चिखलात, दिवसभर वाकून रोपे लावावयाची. ट्रॅक्टरने यांतले काय कमी केले? जवळजवळ काही नाही. नांगर धरणे हे पुरुषाचे काम होते. म्हणून यंत्राने पहिला विसावा पुरुषाला दिला. रोप लावणे, भांगलणे, शेण काढणे ही बाईची कामे. त्यांना हात लावणारे यंत्र सर्वांत शेवटी येते, आणि आले तरी घराच्या खर्चाच्या यादीत त्याचा क्रमांक खालीच लागतो. त्यातून पुष्कळ घरी ट्रॅक्टरच्या हप्त्याला दुधाच्या बिलातली रक्कम जोडावी लागते. ज्या श्रमांना यंत्राने हातभार लावला नाही, तेच श्रम यंत्राचे कर्ज फेडीत असतात. ट्रॅक्टरबरोबर कडबाकुट्टी आणि गोठ्यापर्यंत पाण्याचा नळ यांसाठी त्याच वेळी पैसे बाजूस काढणारा गृहस्थ खरा हिशेबी म्हणावा.

बैल विकताना आणखी एक वस्तू दाराबाहेर जाते. एक जनावर दिवसाला दहा-बारा किलो शेण देते. जोडी धरली तर वर्षाला सात-आठ टन ओले शेण झाले. कुजून त्याचे निम्मे उरले तरी एका एकराला पुरेसे खत त्यातून निघते. ट्रॅक्टर ही देणगी देत नाही. तेव्हा दावण ओस पाडावयाची नसेल तर एखादी कालवड अधिक ठेवणे, पिंजर जाळून न टाकता उकिरड्यात किंवा खड्ड्यात कुजविणे, हे काम बैल गेल्यावर वाढते, कमी होत नाही.

शिवाय यंत्राची स्वतःची निगा आहे. ती वैरणपाण्याइतकीच रोजची आहे. सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी पंधरा मिनिटे द्यावी लागतात. यंत्र सपाट जागी उभे असता इंजिनातील तेलाची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून पाहावी. रेडिएटरमधले पाणी पाहावे. इंजिन तापलेले असता त्याचे झाकण कधीही उघडू नये, आतली वाफ तोंडावर येते. एअर क्लिनरची वाटी उघडून पाहावी. उन्हाळी नांगरटीत या वाटीत एका दिवसात इतकी धूळ साचते की तेलाचा चिखल होतो, आणि तोच बारीक वाळूसारखा कण आत गेला की इंजिनाचे आयुष्य वर्षांनी घटते. डिझेल भरताना जाळीचे नरसाळे वापरावे. सांधे, पिना, पुढच्या चाकांचे बिजागर यांना ग्रीस द्यावे. चिखलणीच्या दिवसांत तर रोज द्यावे, कारण चिखल आणि पाणी ग्रीस धुवून नेतात. चाकांचे नट हाताने नव्हे, पान्याने तपासावेत. बैलाच्या खुरात खडा रुतला तर तो लंगडतो आणि मालकाला कळते. यंत्र लंगडत नाही. ते एकदम बसते, आणि तेही नेमके पेरणीच्या दिवशी.

बैलाला आणखी एक समज होती. जमीन फार ओली असली की तो पाय उचलेनासा होई आणि धन्याला औत सोडावे लागे. ट्रॅक्टर मात्र ओल्या काळ्या जमिनीतही रेटीत राहतो. त्याच्या मागच्या चाकांखाली माती दाबली जाते, आणि वारंवार एकाच खोलीवर रोटर फिरविला की त्याच्या पात्यांखाली कठीण थर बसतो. भाताच्या खाचरात असा थर थोडा उपयोगीच असतो, पाणी धरून ठेवतो. पण त्याच खाचरात पुढे मसूर किंवा हरभरा टाकला की मुळांना खाली जाता येत नाही, ओल खाली असून पीक वर सुकते. म्हणून माती मुठीत दाबून पाहावी. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला नाही, तर त्या दिवशी ट्रॅक्टर घरीच राहू द्यावा. चुलीवर चहा ठेवण्याइतकी सोपी परीक्षा आहे, पण भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा असला की ती कोणी करीत नाही.

आता ज्या गोष्टीची भीती असावयास हवी त्या गोष्टीकडे येऊ. औतापुढे मूल पडले तर बैल थबकतो. यंत्राला तशी जाण नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळी आयर्लंडात सरकारी ट्रॅक्टरांची देखरेख हॅरी फर्ग्युसन नावाच्या तंत्रज्ञाकडे होती. त्या काळचे नांगर साखळीने किंवा दांड्याने नुसते मागे जोडलेले असत. नांगर दगडाला अडला की मागची चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच चाकांच्या आसाभोवती फिरे, तोंड वर उचले, आणि चालकावर उलथून पडे. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांची जोडणी काढली. वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे पुढची चाके जमिनीला धरून राहतात आणि नांगर अडला तर मागची चाके जागच्या जागी घसरतात. आज आपल्याकडील प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीशी ही जोडणी असते. परंतु ओझे ओढण्यासाठी वरच्या दांड्याच्या जागी साखळी अडकविली, तर फर्ग्युसनने केलेले सारे पुसले जाते. झाडाचा बुंधा उपटताना, रुतलेली गाडी काढताना हेच घडते. साखळी नेहमी खालच्या हुकालाच बांधावी. आणि चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ओंडका बांधून तो बाहेर काढण्याची जी युक्ती गावोगाव चालते, ती तर जिवाशी खेळ आहे. चाक ओंडक्याने अडले की फिरावयास दुसरे काही उरत नाही, ट्रॅक्टरच फिरतो. हे सारे दीड-दोन सेकंदांत घडते. उडी मारण्यास तेवढा अवधी पुरत नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर पोलादी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणाऱ्यांची संख्या तेथे झपाट्याने खाली आली. आपल्याकडे चौकटीऐवजी पुष्कळदा ऊन अडविण्यापुरते पत्र्याचे छप्पर असते. ते सावली देते, वजन पेलत नाही.

ट्रॅक्टरला दोन ब्रेक असतात, डाव्या चाकाचा एक व उजव्या चाकाचा एक. शेतात वळताना त्या-त्या बाजूचा ब्रेक दाबला की यंत्र जागच्या जागी वळते, म्हणून ही सोय. रस्त्यावर येताच दोन्ही पायटे पट्टीने एकत्र जोडावयाचे असतात. ती पट्टी न लावता रस्त्यावर वेगात एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर त्या बाजूस वळून उलटतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्री धावणाऱ्या ट्रॅक्टरांचा प्रश्न याहून मोठा. ट्रॉलीला ब्रेक नसतो, मागे लाल दिवा किंवा चकाकणारी पट्टी नसते, आणि ओझे इतके की चढावर पुढची चाके हलकी होतात. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणे म्हणजे मागच्या ओझ्याच्या हाती आपला जीव देणे होय. ज्या गिअरने घाट चढावयाचा त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम येथेही लागू आहे.

मुलांना मडगार्डवर बसविण्याची चाल तर सर्वत्र आहे. बाप शेतावर निघाला की पोर हट्ट करते, आणि नाही म्हणवत नाही. एका खड्ड्याचा धक्का पुरे होतो. ते पोर मागच्या चाकाखाली जाते. येथे कठोर व्हावयास हवे. ट्रॅक्टरवर जागा एकच, चालकाची.

मळणीच्या दिवसांत धोका चालकापेक्षा बायकांना अधिक. ट्रॅक्टरच्या पाठीमागून मळणीयंत्राला जोडलेला दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावर पदराचे टोक किंवा गळ्यातल्या मफलरीचे टोक गुंडाळले गेले तर एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड आत ओढले जाते. दोन मीटर म्हणजे पदर संपून माणूस सुरू होतो. हात झटकण्यास, ओरडण्यास, कोणी धावत येऊन इंजिन बंद करण्यास वेळच राहत नाही. या दांड्यावर कारखान्यातून प्लॅस्टिकचे आवरण येते. ते पहिल्या हंगामात फुटते आणि पुन्हा कोणी बसवीत नाही, कारण त्याविना यंत्र चालते. मळणीला येणाऱ्या बायका बहुधा रोजंदारीच्या असतात, यंत्र मालकाचे असते. त्यामुळे आवरण बसविणे ही मालकाची जबाबदारी आहे, मजूर बाईने पदर खोचण्याची नव्हे. पदर खोचलेला बराच. पण आवरण आधी. चालू दांड्यावरून ओलांडून जाणे, अडकलेली पेंढी हाताने काढणे, हेही तितकेच वर्ज्य. इंजिन बंद करून, दांडा पुरता थांबला हे डोळ्यांनी पाहूनच हात घालावा. यात दोन मिनिटे जातात आणि खळ्यावरची माणसे कुरकुरतात, कुरकुरू द्यावीत.

संध्याकाळी ट्रॅक्टर परत आल्यावर मागचे औत नेहमी जमिनीवर टेकवून ठेवावे. उचललेल्या स्थितीत त्याखाली कोंबडी शिरते, कुत्रे शिरते, आणि पोरही शिरते. टाकी रात्रीच भरून ठेवावी, म्हणजे थंडीत रिकाम्या टाकीत दव धरून डिझेलमध्ये पाणी होत नाही. फाळाला, पात्यांना चिकटलेली माती ओली असतानाच खरडून काढावी. वाळल्यावर तिला छिन्नी लागते. नंतर किल्ली काढून घरात, मुलांचा हात पोचणार नाही अशा खुंटीला लावावी. एवढे होईपर्यंत दिवेलागण होते. छपरात इंजिन अजून कोमट असते, आणि शेजारच्या गोठ्यात घरची बाई डेअरीच्या किटलीत दूध गाळीत असते. ती किटली घेऊन सोसायटीच्या रांगेत उभे राहण्यास आता तरी घरातील पुरुषाला वेळ आहे. नांगरटीचे पंधरा दिवस त्याचे वाचलेलेच आहेत.